वरचं घर, खालचं घर

आम्ही चौथ्या मजल्यावरची जागा घेतली तेव्हा बिल्डर म्हणाला होता, "लिफ्ट सहा महिन्यांत बसेल." लिफ्टची विहीर बांधून तयार होती. प्रत्येक मजल्यावर तिला जाळीचं दार होतं आणि तळमजल्यावर दाराशेजारी बटणासाठी चौकोनी खाच ठेवलेली होती. बाबांनी त्या खाचेत बोट घालून पाहिलं आणि आईला म्हणाले, "वायर आलेली आहे." तेवढ्यावर आम्ही होकार दिला. खरं तर दुसरं काही हातात नव्हतंच. परळची भाड्याची खोली मालकाने परत मागितली होती. बाबांचा फंड आणि माझं पतपेढीचं कर्ज एकत्र करून वसईत जे मिळत होतं ते चौथ्या मजल्यावरच मिळत होतं. लिफ्ट बसलेल्या इमारतीकडे आम्ही बघायलाही गेलो नाही.

इमारत उमेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका आतल्या गल्लीत आहे. आम्ही आलो तेव्हा समोर केळीची एक वाडी शिल्लक होती. दोन वर्षांत तिथेही इमारत आली. बिल्डरने आमच्या इमारतीतली शेवटची जागा विकली आणि विरारच्या पुढे दुसरं काम धरलं. फोन केला की म्हणायचा, लिफ्टचं सामान निघालंय. पुढे त्याने फोन उचलणं बंद केलं. लिफ्टच्या विहिरीत कबुतरं राहायला आली आणि जाळीतून पोरांचे चेंडू आत पडायला लागले.

पहिली काही वर्षं जिना कुणाला जाणवला नाही. बाबा एका औषधांच्या गोदामातून निवृत्त झाले होते आणि दिवसभर उभं राहायची त्यांना सवय होती. सकाळी पाव आणायला खाली जायचे, वर यायचे, मग पेपर आणायला पुन्हा जायचे. आई म्हणायची, दोन्ही एकदमच का आणत नाही? ते म्हणायचे, "पाय चालू राहतात." मग त्यांचा उजवा हात कापायला लागला. चहाचा कप बशीत वाजायचा म्हणून ते बशी बाजूला ठेवायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. पाऊल उचलायचं ठरवलं तरी पाय जमिनीला चिकटल्यासारखा राहायचा, विशेषतः उतरताना. आधी त्यांचा पेपर बंद झाला, नंतर पाव, मग पेन्शनसाठी बँकेत जाणं.

एकदा ताप उतरेना म्हणून त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. इमारतीतल्या चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. जिना अरुंद आहे, वळणावर खुर्ची तिरकी करावी लागते. प्रत्येक वळणाला बाबा डोळे मिटून घेत होते. दुसऱ्या मजल्यावर एका घराचं दार उघडं होतं, आत एक बाई जेवत बसली होती. खुर्ची दारावरून जाईपर्यंत ती हातातला घास तसाच धरून थांबली. परत आल्यावर बाबा मला म्हणाले, "मला पुन्हा असं नेऊ नका."

"मग डॉक्टरकडे कसं जायचं?"

"डॉक्टर येतील."

"इतके जिने चढून ते येत नाहीत, बाबा."

"मग राहिलं."

त्यानंतर वर्षाहून जास्त काळ त्यांचे पाय खालच्या जमिनीला लागले नाहीत. खिडकीच्या बाहेर काढलेल्या ग्रिलला धरून ते उभे राहायचे. गल्लीत कोण कुठे चाललंय हे त्यांना वरून कळायचं. एकदा म्हणाले, "इथून फक्त डोकी दिसतात. कुणाचा चेहरा काही दिसत नाही." दाढीला न्हावी घरी यायचा, पण तोही वर चढायचं म्हणून आठवडे टाळायचा. कामावरून आल्यावर मला बाबांची वाढलेली दाढी दिसली की मी दुसरीकडे बघायचे.

आता तळमजल्यावरच्या काकूंबद्दल. त्या मूळच्या इथल्याच, वाडीवाल्या घरातल्या. आमची इमारत जिथे उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची होती. भावाभावांत वाटण्या झाल्या, वाडी बिल्डरला गेली, आणि काकूंच्या नवऱ्याच्या वाट्याला पैशांसोबत इमारतीत एक जागा आली. त्यांनी हट्टाने तळमजला मागून घेतला, कारण मागच्या बाजूला हातभर माती होती. तिथे त्यांनी सोनचाफा लावला. तो फुलायच्या आधी ते गेले. घरात काकू आणि त्यांचा मुलगा एवढेच राहिले. मुलगा एका कारखान्यात सुपरवायझर. आम्हाला बोलताना काकूंची भाषा आमच्यासारखी असायची, पण माहेरच्या माणसांशी फोनवर बोलायला लागल्या की त्यांची घरातली बोली सुरू व्हायची. त्यातले निम्मे शब्द सुरुवातीला मला कळायचे नाहीत.

त्यांच्या घरात दर पावसाळ्यात पाणी शिरायचं. जिथे इमारत आहे तिथे पूर्वी वाडीचं बावखल होतं, शिंपण्यासाठी राखलेलं गोड्या पाण्याचं तळं. बिल्डरने ते भरणी टाकून बुजवलं होतं. काकू म्हणायच्या, "पाण्याला ते माहीत नाही. ते आपलं घरी येतं." त्यांच्या घरात फ्रिज टेबलावर होता, पलंग विटांवर होता, आणि विजेची बटणं इतकी वर घेतली होती की काकूंना टाचा उंचवाव्या लागायच्या. भिंतीवर कमरेच्या खाली एक तपकिरी रेघ होती. दर दिवाळीला रंग लावला तरी ती चैत्रापर्यंत पुन्हा उमटायची.

त्या रेघेपायी मुलाचं लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे लोक यायचे, मुलगा आवडायचा, चहा घेता घेता त्यांची नजर भिंतीवर जायची. नंतर फोन यायचा, पत्रिका जुळत नाही. काकूंना पत्रिकेचं खरं कारण माहीत होतं.

पाणी चढलं की काकू गाठोडं घेऊन आमच्याकडे वर यायच्या. एक-दोन दिवस राहायच्या आणि आईबरोबर स्वयंपाक करायच्या. पाणी ओसरलं की भिजलेल्या गोधड्या आमच्या गॅलरीत वाळत घालायच्या, कारण ऊन आमच्याकडेच यायचं. अशाच एका दुपारी, मी सुट्टी काढून घरी असताना, काकू गोधडी पिळत होत्या आणि बाबा ग्रिलला धरून उभे होते. काकू बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग आईला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही खाली या. आम्ही वर येतो."

आईला वाटलं त्या जेवणाबद्दल बोलताहेत. म्हणाली, "आता कशाला खाली? भात झालाय."

"जेवायला नाही हो. राहायला. भाऊंना खाली बरं पडेल. माझ्या पोराला वर बरं पडेल."

आईच्या आधी मीच बोलले. घरं अशी भांड्यांसारखी बदलता येत नाहीत, कागद करावे लागतात, वगैरे. काकू म्हणाल्या, "करू की."

मी एका वकिलांना विचारून आले. त्यांनी सांगितलं की दोन्ही घरांची नोंदणी नव्याने करावी लागेल, दोन्हीकडची स्टॅम्प ड्युटी भरावी लागेल, आणि मुळात इमारतीला अजून भोगवटा प्रमाणपत्रच नाही, त्यामुळे पुढे काय अडेल ते सांगता येत नाही. निघताना ते म्हणाले, "तोंडी मात्र काही करू नका. माणसं चांगली असतात, वारस कसे निघतील ते सांगता येत नाही." हे सगळं मी घरी येऊन सांगितलं. ते आम्हाला परवडणारं नव्हतं आणि काकूंनाही. माझ्या मते विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा मुलगा एकटाच वर आला. दारातच उभा राहिला. "ताई, आई बोलून गेली. तुम्ही मनावर घेऊ नका. तुम्हाला पाण्यात पाठवून आम्ही वर सुकं बसायचं, हे मला काही पटत नाही."

मी त्याला आत ये म्हटलं. बाबा पलंगावर बसले होते. बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला होता, म्हणून आम्हाला जवळ जावं लागलं. ते त्याला म्हणाले, "पाणी वर्षातून एकदा-दोनदा येतं. जिना रोज आहे."

मुलगा पाठीमागे हात बांधून उभा राहिला, मग म्हणाला, "काका, नीट विचार करा. ओल फार आहे खाली."

"वर्षभर तेच केलंय," बाबा म्हणाले.

रात्री मी आईला विचारलं, तुला काय वाटतं? तिचे गुडघे चांगले होते. जिन्याचा त्रास तिला नव्हता. तिला गॅलरी होती, तुळस होती, संध्याकाळी नायगावच्या बाजूने येणारा वारा होता. परळला तिने सगळं आयुष्य बोळाकडे तोंड केलेल्या स्वयंपाकघरात काढलं होतं आणि या घरात तिला पहिल्यांदा उजेड मिळाला होता. ती ताटं पुसत होती. म्हणाली, "त्यांना खाली बसायला मिळेल." त्यापलीकडे ती कधीच काही बोलली नाही.

दसऱ्याच्या आसपास आम्ही घरं बदलली. कागद झाला नाही. कागदावर वरचं घर आमचंच राहिलं आणि खालचं त्यांचं. पलंग आणि कपाटं जिथल्या तिथे ठेवली, फक्त कपडे, भांडी आणि देव हलवले. बाबांना शेवटचं म्हणून खुर्चीत बसवून खाली नेलं. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

तळमजल्यावर राहिल्यावर मला कळलं की काकूंनी इतकी वर्षं काय काढलं होतं. खिडकीबाहेर मोटरसायकली उभ्या असायच्या, सकाळी त्यांचा धूर थेट आत यायचा. येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावायचा, म्हणून पडदा दिवसाही ओढलेला. गटाराच्या चेंबरचा वास आणि डास होतेच. चादरी कधी पूर्ण कोरड्या लागायच्या नाहीत. भिंतीचा पोपडा हात लावला की पिठासारखा गळायचा. आई रोज सकाळी तो झाडून काढायची.

पण बाबा पहिल्या आठवड्यात दारापर्यंत गेले आणि मग गल्लीच्या तोंडापर्यंत. हातात काठी, मागे आई. एके दिवशी मी कामावरून आले तर ते घरात नव्हते. मी घाबरले. आई शांतपणे म्हणाली, "सलूनमध्ये गेलेत." मी गेले. ते खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती पांढरं कापड, आणि नंबर लावून बसलेल्या दोन माणसांशी पालिकेच्या नळाला पाणी केव्हा येणार यावर बोलत होते. त्यांचा हात कापडाखाली कापत होता, ते कुणाला दिसत नव्हतं. मी त्यांना हाक मारली नाही. घरी परत आले.

सकाळी भाजी घेऊन गावांतून बायका यायच्या. त्यांच्याकडून वालाच्या शेंगा घ्यायच्या आणि घासाघीस करायची हे बाबांचं काम झालं. एका रविवारी काकूंचा मुलगा त्यांना रिक्षातून राजोडीला घेऊन गेला. मीही होते. रिक्षा वाळूपर्यंत नेली. सहलीला आलेल्या लोकांची गर्दी होती, उंट होता, मक्याची कणसं होती. बाबांना उतरवावं का असा आम्ही विचार करत होतो, तर त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून स्वतःच पाय बाहेर काढला. वाळूत त्यांना चालता येईना. तिथेच रिक्षाला टेकून ते समुद्राकडे बघत उभे राहिले. परत येताना त्याला म्हणाले, "तुझ्या घराने मला बाहेर काढलं." तो म्हणाला, "तुमच्या घराने मलाही, काका."

तोवर त्याचं लग्न ठरत आलं होतं. वरच्या घरात मुलीकडचे लोक आले, उजेड बघितला, गॅलरी बघितली, खूश झाले. चहा झाल्यावर काकू म्हणाल्या, "आता माझ्याबरोबर खाली चला." आणि त्या सगळ्यांना आमच्याकडे घेऊन आल्या. आई गोंधळली, पदर सावरत उभी राहिली. काकूंनी भिंतीवरच्या रेघेकडे बोट दाखवलं. "हे घर आमचं. वरचं यांचं. आम्ही बदलून राहतो, लिहिलेलं काही नाही. उद्या यांनी मागितलं तर आम्हाला इथे यावं लागेल. मुलीला हे माहीत असावं."

मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. त्यांनी कागदांबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले. मुलगी मात्र बाबांकडे बघत होती. तिने विचारलं, "काकांना वर जाता येत नाही म्हणून?" बाबांनी मान हलवली. नंतर आठवडाभर काही निरोप आला नाही. काकू म्हणत होत्या, गेलं हेही स्थळ. मग होकार आला. तो मुलीनेच आणला होता, हे आम्हाला पुढे कळलं.

लग्न झालं, आणि त्या जुलैत पाणी आलं. दोन दिवस पाऊस थांबून थांबून कोसळत होता, वर भरती. गाड्या बंद म्हणून मी घरीच होते. दुपारी जेवणं झाली आणि मोरीच्या जाळीतून पाणी बुडबुडत वर आलं. आम्हाला वाटलं होतं ते दारातून येईल. आई आणि मी सामान वर ठेवत होतो तेवढ्यात काकूंचा मुलगा आला. "काका, चला वर."

"मी इथेच बसतो," बाबा म्हणाले. पलंग विटांवर होता, ते पाय वर घेऊन बसले होते. "पलंगापर्यंत येत नाही म्हणालास ना?"

"दरवर्षी येत नाही. यंदा येईल की नाही, सांगता येत नाही."

"आलं तर बघू."

मला कळत होतं, त्यांना ती खुर्ची नको होती. मी समजावलं, आई काहीशी रागावलीही. ते भिंतीकडे बघत राहिले. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं तेव्हा काकू स्वतः खाली उतरल्या, साडी खोचून, पाण्यातून चालत. पलंगावर बाबांच्या पायथ्याशी बसल्या.

"तुम्ही कशाला आलात?" बाबांनी विचारलं.

"माझं घर आहे," काकू म्हणाल्या. "तुम्ही बसणार तर मीही बसते."

खाली आईची एक चप्पल तरंगत मोरीकडे गेली. मग बाबा मुलाकडे वळून म्हणाले, "खुर्ची आण."

वर नव्या सुनेने खिडकीजवळचा आपला पलंग त्यांना दिला. गेल्या वर्षी ते ज्या ग्रिलला धरून उभे राहायचे त्याच्याच शेजारी. बाबा संकोचून बसले, पाहुणा बसतो तसे, पाय खाली सोडून. सुनेने विचारलं, "चहात साखर किती?" आई पटकन उत्तर द्यायला गेली आणि थांबली, कारण स्वयंपाकघर आता तिचं नव्हतं.

पाणी उतरल्यावर आम्ही खाली गेलो. पुढच्या पावसाळ्यातही तसंच झालं. एरवीचे दिवस मात्र चांगले गेले. दुपारी आई वर जायची, गॅलरीत पापड घालायची, तुळशीला पाणी द्यायची. त्याच वेळी काकू खाली यायच्या आणि मागे जाऊन चाफ्याची सुकलेली पानं काढायच्या. दोघी जिन्यात भेटायच्या. कुणी विचारलं कुठे चाललात, तर दोघींचंही उत्तर एकच असायचं, घरी जाऊन येते.

त्या दुसऱ्या पावसानंतर बाबांच्या छातीत कफ धरला. थंडी पडली तसा तो वाढला. दवाखान्यात आईने डॉक्टरांना विचारलं, "ओलीमुळे झालं का?" डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "या आजारात गिळताना अन्न छातीत जातं. वयही आहे." आईने पुन्हा विचारलं नाही. मीही नाही. खरं काय ते मला आजही माहीत नाही. पौषात बाबा गेले. त्यांना घरी आणलं, दारासमोर मांडव घालायला जागा होती, आणि खांदा द्यायला सलूनमधली माणसंही आली. बरेच जण म्हणाले, बरं झालं, जिन्यातून आणावं लागलं नाही.

तेराव्यानंतर काकू वरची किल्ली घेऊन आल्या. आमच्याकडे एक होतीच, ही त्यांची. त्यांनी ती आईसमोर ठेवली. "वहिनी, भाऊंसाठी होतं ते झालं. तुमचं घर तुम्ही घ्या. मी पोराला सांगितलंय."

सून तेव्हा गरोदर होती, चौथा-पाचवा महिना. मला वर जायचं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. मला उजेड हवा होता, कोरडी चादर हवी होती, आणि बाबा झोपायचे त्या पलंगाकडे रोज बघायचं नव्हतं. मी आईकडे पाहिलं. आईने किल्ली उचलून काकूंच्या हातात परत दिली. "पोटुशीला इथे आणू नका. इथे ओल आहे."

"आणि तुम्ही?"

"आमचं बघू."

त्या रात्री मी आईशी भांडले. म्हटलं, तू कुणाला विचारून दिलंस? घर माझ्या कर्जातलं आहे. ती म्हणाली, "हो, आहे." एवढं बोलून ती अंथरूण घालायला लागली.

मग मी दुसरी जागा शोधायला लागले. वर्षभर बहुतेक रविवार त्यात गेले. परवडणारी घरं दूर दूर सरकत होती. चांदीपच्या बाजूला भाताच्या शेतात उभ्या राहिलेल्या इमारती पाहिल्या. तिथे हवा छान होती, पण पाणी टँकरचं आणि स्टेशनला यायला दोन वाहनं. दुसरीकडे लिफ्ट होती, पण इमारतीच्या परवानग्यांबद्दल विचारलं की एजंट हसायचा. एकदा आईला बरोबर नेलं. नालासोपाऱ्यातली पहिल्या मजल्यावरची जागा, नुकताच रंग दिलेली. आईने एजंटला विचारलं, "पावसात पाणी भरतं का?"

"नाही, मावशी. इथे कधीच नाही."

आई बाहेर गेली आणि तळमजल्यावरच्या मीटरच्या पेटीकडे बघून परत आली. पेटी माणसाच्या डोक्याहून वर बसवलेली होती. एजंट पुढे बोलत होता, तिने त्याचं बोलणं पूर्ण होऊ दिलं, मग मला म्हणाली, "चल." रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आपल्या पाण्याची निदान ओळख आहे." मी त्यानंतर शोधणं हळूहळू सोडून दिलं.

काकूंना नात झाली. तिला तेल लावून अंघोळ घालायचं काम आईने घेतलं. रोज सकाळी ती वर जायची आणि दुपारी उतरायची. पुढच्या वर्षीचा मे महिना संपत आला तेव्हा एके संध्याकाळी सून बाळाला कडेवर घेऊन आमच्याकडे आली. खाली बसली आणि आईला म्हणाली, "काकी, पावसाचे चार महिने तुम्ही दोघी वर या. खालचं घर बंद करून टाकू. मी यांच्याशी बोललेय, आईंशी पण."

मी म्हटलं, "अगं, एका खोलीच्या घरात इतकी माणसं?"

"अडचण होईल," ती म्हणाली. "पण काकी रात्री खाली झोपल्यात आणि बाहेर पाऊस पडतोय, तर आम्हाला वर झोप येत नाही, ताई. गेल्या वर्षी आमच्या आई रात्रभर उठून गॅलरीतून खाली बघत होत्या."

आम्ही गेलो. ते सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. सकाळी मोरीसाठी थांबावं लागायचं. मी उशिरा यायचे तर बाळ उठायचं. सुनेला फोडणी तिखट लागायची आणि आईला सौम्य, आणि दोघी एकमेकींना काहीच न बोलता एक दिवसाआड स्वयंपाक करायला लागल्या. मला कधी कधी स्टेशनवरून घरी यायला नको वाटायचं. माझ्याच घरात मी भिंतीला लागून गादी टाकून झोपत होते, याचा रागही यायचा. पण खाली राहायला गेल्यापासून दर पावसाळ्यात आईला येणारा खोकला त्या वर्षी आला नाही.

इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभा आता सुरू झाल्या आहेत. खांबांच्या सळया उघड्या पडल्या आहेत, स्लॅबचा गिलावा पडतो. पण जमिनीचे कागद कुणाच्या नावावर आहेत इथेच सभा अडते आणि चहा पिऊन सगळे उठतात. कोण कुठल्या घराचं मालक, हे नोंदवायला एक माणूस आला होता. काकूंच्या मुलाने त्याला कागदाप्रमाणे सांगितलं. त्याने विचारलं, "मग तुम्ही वर कसे?" मुलगा म्हणाला, "राहतो." त्या माणसाने पुढच्या घराची बेल दाबली.

यंदा पाणी ऑगस्टात आलं. आम्ही सगळे वरच होतो. गल्ली भरताना गॅलरीतून दिसली, मग आमच्या बंद दाराखालून पाणी आत गेलं. काकूंनी आईला विचारलं, "वहिनी, डाळ भिजत घालू?" आई म्हणाली, "घाला." दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी ओसरलं तेव्हा काकूंचा मुलगा आणि मी झाडू, वायपर आणि फिनेल घेऊन खाली उतरलो. चिखलाचा थर बसला होता. आम्ही मोरीच्या बाजूने सुरुवात केली आणि चिखल दाराकडे ढकलत आणला. तो पाणी लोटत होता, मी मागून पुसत होते. कोपऱ्यात पुन्हा पाणी जमलं तर तो म्हणाला, "ताई, तो कोपरा राहू दे. दोन दिवस तिथून झिरपतच राहतं." मग आम्ही मागचं दार उघडून ठेवलं, हवा खेळावी म्हणून, आणि विटांवरचा पलंग दोघांनी मिळून भिंतीपासून थोडा पुढे ओढला.